तबल्यासाठी परदेशात जायचं तर राहायचं कुठे? आधी वडसा आठवा

प्रश्न असा आहे: "मी नागभीडजवळच्या खेड्यातला आहे. तबला विशारद झालो. संगीतासाठी परदेशात जायचं ठरवलं आहे. लंडन, बर्लिन की ॲमस्टरडॅम, कुठे राहिलो तर फायदा होईल?"

भाऊ, मी सिंदेवाही तालुक्यातला. तबलाच वाजवतो. सहा वर्षं नेदरलँड्समध्ये काढली, पहिली दोन रॉटरडॅमला, पुढची चार द हेगला. आता तीन वर्षांपासून परत गावी आहे. तेव्हा जे सांगतो ते तबल्याच्या आणि खेड्याच्या बाजूने. गिटारवाल्याला हे लागू पडेलच असं नाही.

तुम्ही लिहिलेली तिन्ही शहरं मोठी आहेत, आणि राहायला म्हणून तिन्ही मला तुमच्यासाठी चुकीची वाटतात. का, ते सांगायला आधी वडशाला जावं लागेल.

मी चार मोसम झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकात तबल्यावर होतो. तुम्ही नागभीडकडचे म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. दिवाळी झाली की देसाईगंज म्हणजे वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडतात, आणि होळीपर्यंत धंदा चालतो. गावोगावची मंडळं तिथे येतात, मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) किंवा शंकरपटाची (बैलांच्या शर्यतीची) तारीख सांगतात, इसार देतात. कलाकार वडशात खोली करून राहतात. संध्याकाळी गाडी निघते, आज लाखांदूरकडे, उद्या कुरखेड्याकडे, परवा ब्रह्मपुरीच्या पुढे. रात्री दहाला पडदा उघडतो, उजाडता उजाडता संपतो, आणि आपण गाडीत झोपून परत वडशाला. वडसाच का? रेल्वे आहे, आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांतली गावं रात्रीच्या पल्ल्यात येतात. खोली स्वस्त. कोणाचा तबलजी आजारी पडला तर दुपारी चारला चहाच्या टपरीवरच दुसरा सापडतो. वडशाला माणूस नाटक बघायला राहत नाही, नाटक करायला राहतो.

लंडन, बर्लिन, ॲमस्टरडॅम ही बघायची ठिकाणं. तुम्हाला तिथलं वडसा शोधायचं आहे.

मी निवडलं ते अर्धं नशिबाने. रॉटरडॅमला कोडार्ट्स ही कलाशाळा आहे. तिथे हिंदुस्थानी संगीत मुख्य विषय म्हणून शिकता येतं, पं. हरिप्रसाद चौरसिया त्या विभागाचे प्रमुख होते. युरोपात असं फार कमी ठिकाणी आहे. (नुसता तबला शिकायलाच जायचं असेल तर मात्र परदेश कशाला? गोंदियाच्या पलीकडे खैरागढ आहे, १९५६ पासूनचं विद्यापीठ, संगीताचंच. मी गेलो ते वेगळ्या लोकांसोबत वाजवायला मिळावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर पोट भरावं म्हणूनही.) रॉटरडॅमहून द हेग रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. ॲमस्टरडॅम जलद गाडीने पाऊण तासाच्या आत. दुसऱ्या बाजूने बेल्जियम. ॲमस्टरडॅममध्ये कार्यक्रम असला तर जाऊन वाजवा आणि रात्रीच्या गाडीने परत या. तिथलं भाडं भरायची गरज नाही.

आता खोली. तुमचा प्रश्न शहराचा आहे, पण रात्री झोप उडेल ती खोलीपायी. तिकडे विद्यार्थ्यांना खोल्या पुरत नाहीत. एखाद्या घरात एक खोली रिकामी झाली की त्या घरातली पोरं पाच-दहा जणांना एकाच संध्याकाळी बोलावतात, बसवतात, प्रश्न विचारतात आणि कोणाला घ्यायचं ते ठरवतात. याला हॉस्पिटेरन म्हणतात. आपल्याकडचा मुलगी पाहायचा कार्यक्रमच, फक्त पोहे नाहीत आणि पाहिली जाणारी मुलगी तुम्ही. मी असे अकरा कार्यक्रम दिले. "काय वाजवतोस?" या प्रश्नाला मी मोठ्या हौसेने उत्तर द्यायचो, आणि तिथेच कार्यक्रम संपायचा. बाराव्या वेळी खोली मिळाली कारण त्या घरात एक पोरगा ड्रम वाजवायचा. तो म्हणाला, चला, आता शिव्या वाटून घेऊ.

ती खोली तिसऱ्या मजल्यावर, जमीन लाकडी फळ्यांची. डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या जोडवाद्याचा, आवाज भिंतीतून जात नाही, जमिनीतून जातो, हे मला गावातल्या मातीच्या घरात कधी कळलंच नव्हतं. खाली एक म्हातारी बाई राहायची. मी तिहाई घेतली, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलो की तिसऱ्या 'धा'ला खालून काठी. सुरुवातीला वाटलं योगायोग असेल. मग लक्षात आलं, बाई समेवरच मारते. दोन महिन्यांनी घरमालकाचं पत्र आलं, चौथ्या महिन्यात सामान उचललं. पुढची खोली घेतली ती सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या मागे, तळमजल्यावर, फरशी सिमेंटची. दिसायला भकास, खिडकीतून नुसती भिंत. पण संध्याकाळी सहाला दुकान बंद झालं की रात्री दहापर्यंत चार तास माझे. त्या चार तासांच्या जोरावर पुढचं सगळं झालं. तेव्हा खोली बघताना खिडकी बघू नका. खाली कोण राहतं, फरशी कशाची, शेजारी किती वाजता झोपतात, एवढं विचारा. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावीच लागते आणि रविवारी दिवसभर, हेही आधीच डोक्यात असू द्या. पहाटे चारचा रियाज विसरा. डग्ग्याखाली जाड रबराची चटई लागतेच.

दुसरी गोष्ट, कागद. यावर कोणी आधी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त पोरं इथेच फसतात. तुम्ही विद्यार्थी म्हणून जाल. त्या व्हिसावर वाजवून पैसे घेता येतात का, हे देशागणिक वेगळं आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय चालत नाही आणि व्यावसायिक कलाकार म्हणून काम करायलाही बंदी आहे. म्हणजे लंडनमध्ये तुम्ही शिकाल, ऐकाल, पण कोणाच्या लग्नात पाकीट घेऊन वाजवलं तर नियम मोडला. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर ते चालतं. अमेरिकेत बोस्टनचं बर्कली कॉलेज नाव म्हणून मोठं आहे, पण तिथल्या विद्यार्थी व्हिसावर कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तास, बाहेर परवानगीशिवाय काही नाही. फीबद्दल तर बोलूच नका. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते, पण स्वतंत्र वादक म्हणून बिल फाडायचं तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी काढावी लागते. नेदरलँड्समध्ये नोकरीवर आठवड्याला १६ तासांची मर्यादा आहे आणि मालकाला परमिट काढावं लागतं, मात्र शिक्षण नीट चालू असेल तर स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करायला विद्यार्थ्याला मोकळीक आहे. मी तिथल्या व्यापार नोंदणी कार्यालयात, केव्हीकेमध्ये, 'तबलावादक' म्हणून नाव घातलं. पलीकडच्या बाईने विचारलं, हे काय असतं? मी टेबलावरच चार मात्रा वाजवून दाखवल्या. तिने 'संगीत, इतर' असं काहीतरी लिहिलं.

तिसरी गोष्ट पैशाची, ती घरच्यांपुढे कशी मांडायची तेवढंच सांगतो. जर्मनीत बहुतेक राज्यांत सरकारी संगीत विद्यापीठांना शिकवणी फी नाही (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्यांकडून सेमिस्टरला १५०० युरो घेतं). ऐकून घरचे खूश होतात. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी बंद खात्यात दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ काढता येतात. म्हणजे साधारण १२ लाख रुपये. २०२५-२६चा धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये, त्या हिशोबाने ५०० क्विंटल धान. आमच्या चार एकरांचं आठ-नऊ वर्षांचं पीक, खर्च न धरता. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर भिस्त ठेवून असाल तर अट आधी वाचा. तिथे जागतिक क्रमवारीतलं विद्यापीठ लागतं, आणि निव्वळ संगीत शिकवणाऱ्या संस्था त्या सर्वसाधारण क्रमवारीत सहसा नसतात. माझ्या ओळखीच्या एका पोराचं प्रवेशपत्र हातात होतं आणि शिष्यवृत्ती इथेच अडकली.

आता ज्यामुळे मी रॉटरडॅमहून द हेगला राहायला गेलो ते.

द हेगमध्ये सुरिनामी हिंदुस्थानी लोकांची मोठी वस्ती आहे. १८७३ सालच्या 'लालारुख' या पहिल्या जहाजापासून यांचे पूर्वज मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला जाऊ लागले, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास हजारो लोक हॉलंडला आले. त्यांचं एक गाणं आहे, बैठक गाना. पेटी, ढोलक आणि धनताल, म्हणजे लोखंडी सळई, तिच्यावर नालासारख्या तुकड्याने ठेका. कथकचा वर्ग घेणाऱ्या एका बाईंनी मला पहिल्यांदा तिकडे नेलं. मागे पार्किंग असलेला साधा हॉल, टेबलांवर प्लास्टिक, कोंबडीच्या रोटीचा वास. एक सत्तरीचे काका धनताल धरून बसले होते. सळई जमिनीला टेकवलेली, डावा हात वर दाबून सोडून आवाज बंद-खुला करायचा. मी दोन मिनिटं नुसता तो हात बघत राहिलो. आमच्या भजनी मंडळात झांज धरणारे आबाजी तळवा असाच दाबून सोडायचे. काकांनी डोळ्यानेच खुणावलं, बस. मी बसलो. साधा केहरवा (आठ मात्रांचा ठेका) धरला आणि सकाळी चारला उठलो. झाडीपट्टीची सवय कामी आली, रात्र काढायला तिथे माझ्याएवढं कोणी तयार नव्हतं.

निघताना बाबा म्हणाले होते, "तिकडं तुले कोन आयकन?" त्या हॉलमध्ये मला कोणी दाद-बिद दिली नाही. पुढच्या शनिवारी येशील का, एवढं विचारलं. मग शनिवार भरले. लग्नं, बारसे, पूजा, आठवड्यातून दोनदा कथकचा वर्ग, पोरांच्या शिकवण्या. कथकच्या एका वर्गाचे मला ४० युरो मिळायचे. पदवीनंतर वर्षभर काम शोधायला मोकळं राहायचा परवाना मिळतो, त्या वर्षात मी जम बसवला.

तेव्हा शहर बघताना तिथल्या मोठ्या सभागृहांची यादी काढू नका. तिथे शनिवारी संध्याकाळी कोणाला तबलजी लागतो, ते शोधा. ब्रिटनमध्येच जायचं असेल तर लेस्टर बघा. 'दरबार' हा मोठा शास्त्रीय महोत्सव २००६ साली लेस्टरमध्येच सुरू झाला, तोही भाई गुरमीत सिंग विर्दी या तबला शिकवणाऱ्या गुरूंच्या स्मरणार्थ. लंडनला तो नंतर गेला. जर्मनीत जायचं असेल तर बर्लिनऐवजी एसेनकडचा रूर पट्टा: एसेनला फोल्कवांग विद्यापीठ आहे, आणि डुइसबुर्ग, बोखुम, डोर्टमुंड ही शहरं रेल्वेने अशी चिकटलेली की आपल्याकडे ब्रह्मपुरीहून वडसा. पुढे तिथेच राहायचं ठरलं तर जर्मनीत १९८३ पासून कलाकारांची सामाजिक विमा योजना आहे, हप्त्याचा साधारण अर्धा भारच कलाकारावर पडतो. ही सोय मला हॉलंडमध्ये नव्हती आणि आजारपणात ते चांगलंच जाणवलं.

वाद्याचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे डिसेंबरात उघड्यावर नाटक असलं की दवाने तबल्याचा सूर उतरतो, म्हणून आम्ही बाजूला हॅलोजन लावून ठेवायचो. तिकडे उलटं. हिवाळ्यात घरात हीटर, हवा कोरडी ठाक, तबला आपोआप चढतो. पहिल्या जानेवारीत मी काळी चार पट्टीचा तबला हीटरच्या बाजूला ठेवून झोपलो. पहाटे 'फट्' असा आवाज. उठून पाहतो तर चाटेला (काठाला) लागून पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटलेली, वीतभर. नवीन पुडी बसवून देणारा माणूस जवळपास नाही. तेव्हा चार पुड्या जास्तीच्या न्या आणि इथून जायच्या आधी स्वतः मढवायला शिका. खोलीतला ओलावा ४० ते ६० टक्क्यांत राहील असं बघा. मापायचं यंत्र स्वस्तात मिळतं, आणि तेवढंही नको असेल तर हीटरवर ओलं फडकं टाका.

तुमच्या जागी मी असतो तर कोडार्ट्सचा अर्ज भरला असता, राहायला रॉटरडॅम किंवा द हेग धरलं असतं, आणि जायच्या आधी वडशात एक अख्खा मोसम वाजवला असता. सलग सात तास बसायची सवय तिथेच लागते.

खोलीच्या जाहिराती यायला लागल्या की एक शब्दजोडी शोधा: 'खेन इन्स्ख्रेइव्हिंग'. म्हणजे या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवू देणार नाही. नोंदणी नाही तर तिथला नागरिक क्रमांक नाही, क्रमांक नाही तर बँक आणि विमा दोन्ही अडकतात. अशी खोली फुकट मिळाली तरी घेऊ नका. जाहिरात समजली नाही तर इथेच खाली टाका, मी वाचून सांगतो. धानाच्या रोवणीचे दिवस असले तर एक-दोन दिवस उशीर होईल.