अमेरिकेत सुप्रीम कोर्टाचा जज निवडताना टीव्हीवर एवढा मोठा शो का होतो? आणि साय-फाय सिरियलींनी हे आधीच दाखवलं होतं हे खरं आहे का?

तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग आधी घेतो. साय-फायवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण तारखा काढून बघितल्या तर वेगळंच चित्र दिसतं. जजची निवड ही देशभर टीव्हीवर लढायची लढाई झाली ती १९८७ मध्ये, आणि ज्या सिरियलींची नावं लोक घेतात त्यातल्या दोन नेमक्या त्याच वर्षी, सुनावणीच्याच सप्टेंबर महिन्यात चालू होत्या. त्यामुळे भविष्यवाणी वगैरे काही नव्हती. टीव्हीने तोपर्यंत निवडणुका ताब्यात घेतल्या होत्या, बातम्या ताब्यात घेतल्या होत्या, आता कोर्टाची पाळी होती आणि ते सिरियली लिहिणाऱ्यांनाही दिसत होतं आणि सिनेटर्सनाही.

तर १९८७. तिथे राष्ट्राध्यक्ष जजचं नाव सुचवतात आणि सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, सुनावणी घेऊन त्यावर मत देतं. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १ जुलैला सुप्रीम कोर्टासाठी रॉबर्ट बोर्क यांचं नाव जाहीर केलं. माणूस येलचा प्रोफेसर राहिलेला, तेव्हा अपील कोर्टाचा जज, हुशारीबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती. नाव जाहीर होऊन तास होत नाही तोच विरोधी डेमोक्रॅट पक्षाचे सिनेटर टेड केनेडी सिनेटमध्ये उभे राहिले आणि म्हणाले की बोर्क यांच्या अमेरिकेत बायकांना लपूनछपून गर्भपात करावे लागतील आणि काळ्या लोकांना हॉटेलात पुन्हा वेगळं बसवलं जाईल. मग जाहिराती सुरू झाल्या. त्यातल्या एका टीव्ही जाहिरातीला आवाज ग्रेगरी पेक यांचा, ज्यांना अख्खी अमेरिका सिनेमातला सज्जन वकील म्हणून ओळखायची. १५ सप्टेंबरला सुनावणी सुरू झाली, सुनावणी घेणाऱ्या सिनेटच्या समितीचे अध्यक्ष जो बायडन, आणि बोर्क पाच दिवस त्या खुर्चीत बसून उत्तरं देत राहिले, खरीखुरी, लांबलचक, प्रोफेसर वर्गात देतात तशी. त्यांच्याच बाजूच्या एका सिनेटरने विचारलं की तुम्हाला या कोर्टात का जायचंय, तर म्हणाले ती माझ्यासाठी बौद्धिक मेजवानी असेल. हे वाक्य वर्गात चाललं असतं, टीव्हीवर ते काळीज नसलेल्या माणसाचं वाक्य ठरलं. त्यांच्या दाढीवरसुद्धा चर्चा झाली. २३ ऑक्टोबरला सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी त्यांना नाकारलं. मला बोर्क यांची मतं पटत नाहीत आणि ते त्या कोर्टावर गेले नाहीत याचं मला वाईटही वाटत नाही, पण त्यांना विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं आणि त्यांचं काय झालं ते बघून नंतरच्यांनी तोंड मिटून घेतलं, ही गोष्ट मला फार लागते. पुढे त्यावर येतोच.

आता त्या सिरियली. सुनावणी सुरू झाली त्याच आठवड्यात, शुक्रवारी १८ सप्टेंबरला, एबीसी चॅनलवर 'मॅक्स हेडरूम'चा एक एपिसोड लागला. या सिरियलीतलं जग म्हणजे सगळी सत्ता टीव्ही नेटवर्क्सकडे, आणि टीव्ही बंद करायचं बटण ठेवणं हा गुन्हा. त्या एपिसोडमध्ये एका माणसावर सिग्नल चोरल्याचा खोटा आळ येतो आणि त्याचा खटला गेम शोच्या सेटवर चालतो, समोर प्रेक्षक, टाळ्या, सगळं लाइव्ह. आणि दहा दिवसांनी, २८ सप्टेंबरच्या आठवड्यात, म्हणजे बोर्क यांची सुनावणी अजून संपलेली नसताना, 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली. तिच्या पहिल्याच एपिसोडमध्ये क्यू नावाचा सर्वशक्तिमान प्राणी लाल झगा घालून जज बनून येतो, अख्ख्या मानवजातीवर खटला भरतो, आणि ते कोर्ट कसलं तर अणुयुद्धानंतरच्या अंधाऱ्या काळातलं, जिथे आरोपी आधीच दोषी धरलेला आहे आणि बघ्यांची गर्दी ओरडतेय, हसतेय, चेकाळलेली आहे. मला त्या सीनमध्ये क्यूपेक्षा ती गर्दी जास्त महत्त्वाची वाटते, कारण जज बोलतो ते त्या गर्दीला ऐकू जावं म्हणून बोलतो, समोर उभ्या असलेल्या कॅप्टन पिकार्डला पटावं म्हणून नाही. सिनेटच्या सुनावणीचं कुठलंही रेकॉर्डिंग लावा, सिनेटर प्रश्न विचारतो तेव्हा तो उमेदवाराशी बोलत नसतो, घरी टीव्हीसमोर बसलेल्या त्याच्या मतदाराशी बोलत असतो.

याच महिन्यातली अजून एक गोष्ट सांगायला हवी, ती तर कोणी स्क्रिप्टमध्ये लिहिली असती तर अति वाटली असती. बोर्क कुठल्या व्हिडिओ कॅसेट्स भाड्याने आणतात याची यादी वॉशिंग्टनमधल्या एका पत्रकाराने दुकानातून मिळवली आणि साप्ताहिकात छापली. १४६ कॅसेट्स. त्यात काहीही वावगं निघालं नाही, जुने सिनेमे होते. पण सगळ्या पक्षांचे खासदार हादरले, कारण आपली पण यादी कुठल्यातरी दुकानात आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि १९८८ मध्ये लगेच कायदा झाला की कोण काय बघतो ही माहिती दुकानाला परस्पर कोणाला देता येणार नाही. म्हणजे प्रेक्षक काय बघतो यावर नजर ठेवणाऱ्या ज्या टीव्ही कंपन्या मॅक्स हेडरूममध्ये कल्पनेतल्या म्हणून दाखवल्या होत्या, त्याचा एक तुकडा त्याच महिन्यात खरा घडला, तोही जज निवडीच्या निमित्ताने.

आता पहिला भाग, शो का होतो. लोक म्हणतात कॅमेऱ्यामुळे. पण कॅमेरा तर १९८१ मध्येच आला होता, सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या वेळी, आणि त्या ९९ विरुद्ध ० मतांनी निवडून आल्या. भांडण तर त्याहून जुनं आहे, १९१६ मध्ये ब्रँडाइस यांच्या नावावर चार महिने वाद चालला, तेव्हा टीव्ही काय रेडिओसुद्धा घरात नव्हता, आणि ब्रँडाइस स्वतः समितीसमोर आलेच नाहीत, तेव्हा तशी पद्धतच नव्हती. खरं कारण मला असं वाटतं की तिथे जज फक्त नऊ, सगळे एकत्र बसून निकाल देतात, आणि नेमणूक तहहयात. जज क्लॅरेन्स थॉमस १९९१ पासून आजपर्यंत बसलेत. आपल्या सुप्रीम कोर्टात ३४ पदं, बहुतेक खटले दोन-तीन जजच्या बेंचपुढे, आणि ६५ ला निवृत्ती, त्यामुळे एका माणसाच्या येण्याने देश हलत नाही. तिथे एक खुर्ची बदलली की गर्भपात, बंदुका, मतदारसंघ सगळंच बदलू शकतं, मग दोन्ही बाजू सगळी ताकद लावणारच आणि ताकद लावायची जागा म्हणजे टीव्ही.

आणि १९८७ पासून उमेदवार काय शिकले तर काही बोलायचंच नाही. १९९३ मध्ये गिन्सबर्ग यांनी उघडच सांगितलं की पुढे येऊ शकणाऱ्या खटल्यांबद्दल मी इशारासुद्धा देणार नाही, आणि तेव्हापासून प्रत्येक जण तोच आधार घेतो. एलिना केगन यांनी १९९५ मध्ये प्रोफेसर असताना लेख लिहून या सुनावण्या पोकळ झाल्यात अशी सडकून टीका केली, आणि २०१० मध्ये स्वतः त्या खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांनीही हात राखूनच उत्तरं दिली. त्यांना दोष देत नाही मी, बोर्क यांचं उदाहरण समोर असताना दुसरं कोण काय करणार. पण मग उत्तरंच नसतील तर कॅमेऱ्याने दाखवायचं काय? चेहरा, घाम, मागे बसलेली बायको, आवाज चढला का.

१९९१ मध्ये अनिता हिल यांनी थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर फार लिहीत नाही. २०१८ मात्र तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कॅव्हेनॉ यांचं नाव रात्री ९ वाजता, प्राइम टाइमला, टीव्हीवर जाहीर केलं. ४ सप्टेंबरला सुनावणी सुरू झाली तेव्हा सिनेटच्या इमारतीत बायका लाल झगे आणि पांढऱ्या टोप्या घालून, मान खाली घालून, एक शब्द न बोलता रांगेत उभ्या होत्या. हा पोशाख 'द हँडमेड्स टेल' या सिरियलीतला, ज्यात सरकार बायकांच्या शरीरावर ताबा घेतं. २०२० मध्ये बॅरेट यांच्या वेळीही तेच झगे दिसले. त्या बायकांनी फार विचारपूर्वक केलं होतं ते. फोटोत एका सेकंदात सगळं सांगून जाणारी गोष्ट साय-फायनेच त्यांना दिली, आणि त्यांची भीती खोटी नव्हती हे २४ जून २०२२ ला गर्भपाताचा हक्क देणारा रो निकाल डॉब्स खटल्यात रद्द झाला तेव्हा दिसलं, ज्यात कॅव्हेनॉ आणि बॅरेट दोघंही बहुमतात होते.

उमेदवारांची तयारी कशी होते माहितीये का? बंद खोलीत खोटी सुनावणी घेतात, त्याला मर्डर बोर्ड म्हणतात, तिथे अवघड प्रश्न विचारून उत्तरं घोटून घेतली जातात. आणि सिनेटर्सच्या भेटीगाठी घालून देणाऱ्याला म्हणतात शेर्पा. कॅव्हेनॉ यांचे शेर्पा जॉन काइल यांची मधल्या काळात सिनेटवरच नेमणूक झाली आणि त्यांनी कॅव्हेनॉ यांच्या बाजूने मत दिलं. क्रिस्टीन ब्लेसी फोर्ड यांचा लैंगिक अत्याचाराचा आरोप आल्यावर कॅव्हेनॉ बायकोबरोबर फॉक्स न्यूजवर मुलाखतीला बसले. इथे मला 'द ऑर्व्हिल' मधला ऑक्टोबर २०१७ चा एपिसोड आठवतो, म्हणजे या सगळ्याच्या वर्षभर आधीचा. एका ग्रहावर कोर्टच नाही, प्रत्येकाच्या छातीवर वर आणि खाली मत द्यायचे बिल्ले, आणि आरोपीला टीव्हीच्या टॉक शोमध्ये फिरून माफी मागावी लागते, एक कोटी विरोधी मतं पडली की त्याच्या मेंदूवर प्रक्रिया करून त्याला सुधारतात. त्याला कसं बोलायचं, चेहरा कसा ठेवायचा हे शिकवायला एक सरकारी माणूस दिलेला असतो. खरं काय घडलं हे शोधायची जबाबदारी त्या ग्रहावर कोणाचीच नसते, आणि २७ सप्टेंबर २०१८ ला फोर्ड आणि कॅव्हेनॉ यांची समितीसमोर साक्ष झाली तेव्हा तेच झालं. अमेरिकेत दोन कोटींच्या वर लोकांनी टीव्हीवर बघितलं. रिपब्लिकनांनी प्रश्न विचारायला एक सरकारी वकील बाई आणल्या होत्या, पण त्यांना पाच-पाच मिनिटांचे तुकडे, मध्ये डेमोक्रॅट सिनेटरची पाच मिनिटं, परत त्या. असं कुठल्याही कोर्टात उलटतपासणी होत नाही, तिला सलग वेळ लागतो, एका उत्तरातून पुढचा प्रश्न निघावा लागतो. ज्या बाईने एवढं धाडस करून सांगितलं तिला नीट चौकशी मिळायला हवी होती, आणि ज्याच्यावर आरोप झाला त्यालाही, आणि दोघांच्या वाट्याला फक्त प्रेक्षक आले. सिनेटने ५० विरुद्ध ४८ मतांनी कॅव्हेनॉ यांना मंजुरी दिली, विषय संपला.

पण साय-फायने फक्त वाईटच दाखवलं असं नाही, आणि ही बाजू लोक विसरतात. नेक्स्ट जनरेशनचाच फेब्रुवारी १९८९ मधला 'द मेझर ऑफ अ मॅन' हा एपिसोड जरूर बघा. लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकिली करत होत्या आणि ते जाणवतं. डेटा हा यंत्रमानव स्टारफ्लीटची, म्हणजे तिथल्या अंतराळदलाची, मालमत्ता आहे की स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकणारी व्यक्ती, एवढाच प्रश्न. जज फिलिपा लुव्हॉय आधी कायद्याचं पुस्तक बघून मालमत्ता आहे असं सांगून मोकळी होते, मग दोन्ही बाजू ऐकते, आणि शेवटी सगळ्यांसमोर म्हणते की त्याला आत्मा आहे का हे मला माहीत नाही, मला स्वतःला आहे का तेही सांगता येणार नाही, पण तो कोणाची मालमत्ता नाही आणि ते शोधायचं स्वातंत्र्य त्याला मिळालं पाहिजे. जज विचार कसा करतो, मत कसं बदलतो, कुठे थांबतो हे पाऊण तासात दिसतं. सिनेटच्या अनेक दिवसांच्या सुनावणीत हे कुठेच दिसत नाही.

आणि जिथे दिसू शकलं असतं तिथे अमेरिकेत कॅमेऱ्याला बंदी आहे! सुप्रीम कोर्टाच्या आतल्या युक्तिवादाचं व्हिडिओ चित्रण आजही होत नाही, मे २०२० पासून लाइव्ह आवाज तेवढा ऐकू येतो. निवड सगळ्या जगाला दाखवायची आणि काम झाकून ठेवायचं. आपल्याकडे बरोबर उलटं. २६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे फोर्ड यांच्या साक्षीच्या आदल्या दिवशी, आपल्या सुप्रीम कोर्टाने लाइव्ह प्रक्षेपणाला तत्त्वतः मंजुरी दिली आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाच्या सुनावण्या लाइव्ह सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी आपल्या शिवसेनेचा खटला होता, ठाकरे विरुद्ध शिंदे, सरन्यायाधीश लळीत आणि घटनापीठावर चंद्रचूड, दोघंही मराठी, आणि लोकांनी दहाव्या परिशिष्टावरचा, म्हणजे पक्षांतरबंदीवरचा, कंटाळवाणा वाटणारा युक्तिवाद मोबाइलवर बघितला. मला तो दिवस फार मोलाचा वाटतो. पण आपले जज निवडतात कसे? कॉलेजियममधले पाच जज बंद दाराआड ठरवतात, ऑक्टोबर २०१७ पासून ठराव वेबसाइटवर टाकायला लागले तेही थोडक्यात. जज निवडण्यासाठी सरकारने आणलेला आयोग २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात चार विरुद्ध एक असा रद्द झाला, आणि सरकारच्या हातात निवड जाऊ नये हे मला पटतं, पण एखाद्याला का घेतलं आणि एखाद्याला का वगळलं याची कारणं आपल्याला कळायलाच हवीत, आणि त्यासाठी सिनेटसारखा शो लागत नाही, लेखी कारणं सविस्तर छापली तरी पुरे.

तुम्हाला खरंच खोलात जायचं असेल तर आधी तो डेटाचा एपिसोड बघा, मग १ डिसेंबर २०२१ ला झालेल्या डॉब्स खटल्याच्या युक्तिवादाचा ऑडिओ अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या साइटवर ऐका, म्हणजे ज्यांनी सुनावणीत काहीच सांगितलं नव्हतं ते खुर्चीवर बसल्यावर काय प्रश्न विचारतात ते कळेल. इंग्रजी भरभर वाटलं तर तिथेच लेखी प्रतही असते, ती समोर ठेवून ऐका.