ख्राइस्टचर्चला येणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

सलाम. परिचारिकेची नोकरी पत्करून आपण पुढच्या वर्षी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चला येत आहात आणि त्याआधी आपण मला दोन गोष्टी विचारल्या आहेत: एवढा भूकंप सोसलेल्या शहरात निर्धास्त राहता येते का, आणि नगरच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मागच्या बाकावर पेंगणारा मी त्याच भूकंपानंतर दर रविवारी उपासनेला कसा जाऊ लागलो. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. मोठ्या इमारतीत सदनिका घेणार असाल, तर ती भूकंपाच्या निकषांना किती टक्के उतरते हे आधी विचारा, कारण ३४ टक्क्यांखालच्या इमारती इथे भूकंपप्रवण धरल्या जात आल्या आहेत. शिवाय घरात किमान तीन दिवसांचे पिण्याचे पाणी साठवून ठेवा.

दुसरे उत्तर लांबेल. २२ फेब्रुवारी २०११, मंगळवार, दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा मी शहराच्या पश्चिम भागातील एका दुकानाच्या कोठारात होतो. संध्याकाळी चालत एव्हनसाइड या माझ्या वस्तीत पोहोचलो, तेव्हा जमिनीतून उसळून आलेल्या राखाडी गाळाने आमचे अंगण भरले होते. त्या भूकंपात १८५ माणसे गेली. त्यांतील ११५ एकट्या सीटीव्ही या दूरचित्रवाणी केंद्राच्या इमारतीत, जिथे इंग्रजी शिकवणारी एक शाळाही होती, आणि त्यांत जपान, चीन व फिलिपीन्सहून इंग्रजी शिकायला आलेले, म्हणजे माझ्यासारखेच परके लोक पुष्कळ होते. नंतर आईचा फोन आला, तेव्हा ती रडत म्हणाली, "देवाने तुला राखले." मी गप्प राहिलो. मला राखले असेल, तर त्या विद्यार्थ्यांना का राखले नाही, हा प्रश्न मला आईला विचारवेना आणि टाळताही येईना. आजही कोणी असे वाक्य सहज बोलले की मला अवघडल्यासारखे होते, आणि भूकंप म्हणजे शिक्षा असे सांगणाऱ्यांचा तर मला रागच येतो.

पुढच्या रविवारी मी उपासनेला गेलो, तो भक्तीने नव्हे. एकट्याला घरात बसवत नव्हते म्हणून. वस्तीतील चर्चची विटांची भिंत ढासळली होती, त्यामुळे मंडळी बाहेरच्या हिरवळीवर घडीच्या खुर्च्या मांडून बसली होती. पाळकबाईंनी बायबलातील ४६वे स्तोत्र वाचायला घेतले. पृथ्वी ढळली आणि डोंगर समुद्रात कोसळले तरी आम्ही भिणार नाही, असे म्हणणारे ते स्तोत्र मी संडे स्कूलमध्ये पाठ केले होते आणि त्याबद्दल मला कंपासपेटी बक्षीस मिळाली होती. वाचन चालू असतानाच जमीन पुन्हा हादरली. बाई थांबल्या, हादरा ओसरल्यावर त्यांनी त्याच ओळीपासून पुढे वाचले, आणि मग बायबलातील एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली: परमेश्वर भूमिकंपात नव्हता, त्यानंतरच्या मंद वाणीत होता. हे का घडले, याविषयी त्या अवाक्षरही बोलल्या नाहीत. उपासना संपल्यावर तीच माणसे फावडी घेऊन माझ्या अंगणात आली. विद्यापीठातील मुलेही त्या आठवड्यांत हजारोंनी गाळ उपसत होती आणि त्यांतील कितीतरी जण कोणत्याच देवाला मानणारे नव्हते, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर चांगुलपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे असे वाटायचे.

शांती एकदम आली नाही. हादरे महिनोन्‌महिने चालले; २३ डिसेंबरला, नाताळ दोन दिवसांवर असताना, पुन्हा जोराचे धक्के बसले आणि मी सामान बांधायला काढले. तरीही नाताळच्या सकाळी प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत वाटली जाणारी भाकर घ्यायला, हात पुढे केला, तेव्हा तो थरथरत नव्हता, एवढेच मला प्रामाणिकपणे सांगता येईल. प्रश्न तिथेच होता. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय प्रार्थना करायची नाही हा माझा हट्ट मात्र सुटला होता.

मनोरा कोसळलेल्या दगडी कॅथेड्रलच्या, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या मुख्य चर्चच्या, बदल्यात जपानी वास्तुशिल्पी शिगेरू बान यांनी मोबदला न घेता आखलेले पुठ्ठ्याच्या नळ्यांचे कॅथेड्रल २०१३ मध्ये उघडले. आल्यावर तिथे अवश्य जा. दगडी कॅथेड्रलचे काम अनेक वर्षांच्या वादानंतर सुरू झाले आणि पैशांअभावी २०२४ मध्ये थांबले. मला स्वतःला पुठ्ठ्याच्या छताखालीच अधिक मोकळे वाटते.

१५ मार्च २०१९ विषयीही लिहिले पाहिजे. त्या शुक्रवारी दोन मशिदींत ५१ माणसे मारली गेली. इथे दोष द्यायला जमीन नव्हती, माणूस होता, आणि माझ्या मनात द्वेष भरला. त्या हल्ल्यात पत्नी गमावलेले फरीद अहमद यांनी मारेकऱ्याला क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले. इतरांना क्षमा करायला शिकवणारी प्रभूची प्रार्थना लहानपणापासून म्हणणाऱ्या मला क्षमेचा अर्थ एका मुसलमान गृहस्थाकडून कळावा, याची लाज वाटली आणि कृतज्ञताही वाटली.

ताई, शहरात पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात जवळची एखादी मंडळी शोधा. संकट येईपर्यंत थांबू नका, कारण एखाद्याच्या दारी फावडे घेऊन कोणी जावे, तर त्याचे दार आधी माहीत असावे लागते. मराठी उपासना हाताशी असेलच असे धरू नका. गायनांचे पुस्तक सामानात घाला. आणि २२ फेब्रुवारीला सुटी मिळाली तर एव्हन नदीकाठी या. १२ वाजून ५१ मिनिटांनी सारे स्तब्ध उभे राहतात, मग नदीत फुले सोडतात. फुले मी घेऊन येईन.