टॉवर बंद असताना मोबाइलवर निरोप पोहोचेल का?

प्रश्न : २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गामुळे आमच्या एकतानगरी भागात पाणी शिरले, तेव्हा माझा मोबाइल काही तास लागत नव्हता आणि नाशिकची थोरली बहीण काळजीने व्याकूळ झाली होती. अशा वेळी हौशी रेडिओचालक, म्हणजे हॅम, थेट मोबाइलवर संदेश पाठवू शकतात असे ऐकले. हे खरे आहे का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : खरे आहे, फक्त त्यातला ‘थेट’ हा शब्द गाळावा लागेल. हॅमच्या लहरी मोबाइलला ऐकू येत नाहीत. पूरग्रस्त भागातला हॅम बॅटरीवरच्या संचातून निरोप बाहेर पाठवतो आणि जिथे वीज व टॉवर शाबूत आहेत तिथला दुसरा हॅम, किंवा इंटरनेटला जोडलेले एखादे केंद्र, तो मोबाइलपर्यंत नेते. त्यामुळे आपल्या बहिणीला नाशिकमध्ये निरोप मिळू शकला असता. त्याच बंद टॉवरखाली राहणाऱ्या शेजाऱ्याला मात्र तो मिळाला नसता.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात होते. त्यांनी पोर्ट ब्लेअरहून खुशालीचे निरोप रेडिओवरून मुख्य भूमीवर पाठवले. शेवटचा टप्पा माणसांनी सांभाळणे हीच पद्धत मला आजही अधिक भरवशाची वाटते, कारण रेडिओवरचा मजकूर आपोआप एसएमएसमध्ये बदलणाऱ्या सोयी कायम टिकतातच असे नाही. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने ईमेलवरून एसएमएस पाठवण्याची सोय २०२५ मध्ये बंद केली आणि रेडिओवरून ईमेल नेणाऱ्या विनलिंक प्रणालीला तिथल्या ग्राहकांच्या मोबाइलपर्यंत जाण्याची ती वाट उरली नाही.

रेडिओवरून छोटा लेखी मजकूर पाठवण्याच्या एपीआरएस या पद्धतीत एका संदेशात जास्तीत जास्त ६७ रोमन अक्षरे मावतात. देवनागरीला संगणकाच्या हिशेबात तिप्पट जागा लागते आणि पुष्कळ संचांच्या पडद्यावर ती उमटतही नाही. म्हणून निरोप मराठीत असला तरी रोमन लिपीत द्यावा. ‘पाच वाजता. चौघे सुखरूप. शाळेत आहोत. फोन बंद’ एवढे पुरे. सोबत बहिणीचे नाव आणि मोबाइल क्रमांक वेगळा द्यावा. हा क्रमांक आजच कागदावर लिहून ठेवावा, कारण फोनची बॅटरी संपली की पाठ नसलेला क्रमांक कोणालाच सांगता येत नाही.

हौशी रेडिओवर सांकेतिक भाषा चालत नाही आणि निरोप कोणीही ऐकू शकतो, म्हणून बँकेचे तपशील किंवा घर रिकामे असल्याचा उल्लेख टाळावा. एरवी हॅमला दुसऱ्याचे निरोप नेण्याची मुभा नसते. आपत्तीत नेहमीची दळणवळण यंत्रणा कोलमडल्यावर ती मिळते. स्वतः संच चालवायचा असल्यास मात्र दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. किमान वय १२ वर्षे आहे.

बहिणीने मोबाइलवर उत्तर दिले, तरी ते आपल्याकडे त्याच हॅमच्या संचामार्फत उलट्या वाटेने येणार, आणि त्याच्यासमोर तेव्हा इतरांच्या निरोपांचीही रांग असेल. म्हणून निरोप देतानाच आपण पुढे कोणत्या निवाऱ्यात असू, हे त्याला सांगून ठेवावे.