पायाने पाणी पिणारा सरडा

देवगडच्या एका ताईंनी विचारलंय: "लेकीच्या प्राण्यांच्या पुस्तकात ऑस्ट्रेलियातल्या एका वाळवंटी सरड्याचं नाव 'काटेरी सैतान' असं दिलंय, आणि खाली 'हा पायाने पाणी पितो' असं वाक्य आहे. पाणी तोंडाने पितात ना? वाक्य चुकलंय का? आणि बिचाऱ्या सरड्याला सैतान कशाला?"

वाक्य चुकलेलं नाही. संस्कृतात झाडाला 'पादप' म्हणतात. पादाने पितो तो पादप, जसा मध पितो तो मधुप. मुळं म्हणजे झाडाचे पाय, असं ज्यांनी पाहिलं त्यांना पायाने पिणारा सरडा अजिबात खटकला नसता.

हा सरडा, इंग्रजीत 'थॉर्नी डेव्हिल', जेमतेम वीतभर लांबीचा. अंगभर काटे आणि त्यांच्या अधूनमधून, खवल्यांच्या सांध्यांत, केसासारख्या बारीक चऱ्या. कधीमधी पडलेल्या पावसाच्या डबक्यात त्याने पाय ठेवला की पाणी त्या चऱ्यांतून आपसूक वर चढतं आणि अंगभर फिरून तोंडाच्या कोपऱ्यांशी येतं. तो नुसता जबडा हलवत गिळत राहतो. म्हणजे पितो तोंडानेच, पण पाणी चढतं पायाकडून. वाळू नुसती ओलसर असेल तर उभं राहून भागत नाही. मग तो तीच वाळू पाठीवर उडवून घेतो आणि तिच्यातली ओल चऱ्यांत ओढून घेतो. खातो फक्त मुंग्या, एका बसणीला हजारभरसुद्धा.

शास्त्राच्या पुस्तकात याला 'केशाकर्षण' म्हणतात. आपल्याकडे मात्र याला सरळ 'ओल चढते' म्हणतात. जांभ्याच्या भिंतीला जुलैत जमिनीपासून हात-दीड हात चढते ती हीच. पडवीत दोरीवर टाकलेल्या पंचाचं टोक रात्री चुकून बादलीत राहिलं, तर सकाळी अर्धा पंचा भिजलेला असतो, तेही हेच. पुस्तकात 'पायाने पाणी चढवून घेतो' असं असतं तर मला अधिक आवडलं असतं, पण 'पितो'ही चालेल.

आता सैतान. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४१ मध्ये या प्राण्याला 'मोलॉक हॉरिडस' हे शास्त्रीय नाव दिलं. मोलॉक हा बायबलमधला, लहान मुलांचे बळी मागणारा देव. मुंग्यांवर जगणाऱ्या गरीब जिवावर हा अन्यायच. आमच्या भागात 'डेव्हिल'ला प्रतिशब्द म्हणून कुणी 'देवचार' सुचवेल. गोव्याकडच्या ख्रिस्ती कोंकणीत तो त्या अर्थाने रुळलेलाही आहे. पण सिंधुदुर्गात देवचार म्हणजे रात्री गावाची वेस राखणारा, त्याला नारळ ठेवतात. सरड्याशी त्याचा काय संबंध?

नावाचा दुसरा शब्द मात्र गोड आहे. लॅटिन 'हॉरिडस'चा मूळ अर्थ भयंकर नव्हे, तर 'खरखरीत, ताठ उभ्या केसांचा'. भाषाशास्त्रज्ञ त्याच्या धातूचं नातं संस्कृत 'हृष्'शी जोडतात, म्हणजे अंगावरचे केस उभे राहणे. 'रोमहर्ष' त्यातलाच, आणि आपला 'हर्ष'ही. भीतीने असो की आनंदाने, आपल्या अंगावर येतो तो काटाच. मालवणीत 'अंगार काटो इलो' म्हणतात तेव्हा त्या माणसाची अवस्था घटकाभर हॉरिडसचीच असते.

तेव्हा 'काटेरी सरडा' पुरेसं आहे. आणि सरडा म्हणणं नुसतं सोयीचं नाही, खरंही आहे, कारण आपल्या कुंपणावर मान डोलवत बसणारा सरडा त्याच्याच कुळातला. लेकीच्या पुस्तकात पेन्सिलीने 'सैतान' खोडून 'सरडा' लिहा. त्या वाक्याला मात्र हात लावू नका.