सीमाभागात ग्रुपवर एवढे राजकीय वाद होतात, त्यातून लोकांची मतं खरंच बदलतात का?

मी बेळगावात शहापूरला राहतो. मराठी ग्रुप भरपूर, कन्नड मित्रही आहेत. वाद घालून मत बदललेला माणूस अजून तरी मला भेटलेला नाही. पण कुठली गोष्ट "हे तर सगळ्यांना माहीत आहे" म्हणून धरायची, ते मात्र या वादांतूनच ठरतं.

महाजन अहवाल घ्या, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर केंद्रानं नेमलेल्या आयोगाचा अहवाल. आमच्या मराठी ग्रुपांवर त्यातला एकच आकडा फिरतो: 264 गावं महाराष्ट्राला, त्यात निपाणी, खानापूर. 1967 च्या त्याच अहवालात अक्कलकोटसह 247 गावं कर्नाटकाला द्यावीत आणि बेळगाव आहे तिथंच राहावं, असंही म्हटलंय. तेवढं कुणी टाकत नाही. महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला, हे आमच्या कितीतरी पोरांना ठाऊकच नाही. कन्नड ग्रुपांवर "महाजन अंतिम" एवढंच असतं, निपाणीचं नावसुद्धा निघत नाही. ज्यांना पूर्ण ठाऊक असतं ते गप्प बसतात. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, इथली मराठी माणसं काळा दिन पाळतात; त्याच्या तोंडावर असलं काही लिहिलं की पहिला प्रश्न येतो, "तुम्ही नक्की कुणाकडचे?" मग बोलणारे तेवढे दिसतात आणि सगळ्यांचं एकमत आहे असं वाटायला लागतं.

आमच्या गल्लीच्या पाण्याच्या ग्रुपवर मात्र मराठी-कन्नड दोन्ही घरं आहेत, कारण नळाची वाट दोघंही बघतात. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हा तिथंही पेटलं. एका कन्नड सरांनी "महाजन अंतिम" लिहिलं. समोरच्या वहिनींनी विचारलं, "मग सर, निपाणी, खानापूर कधी देताय?" सर म्हणाले, "अहवाल तुमच्या महाराष्ट्रानंच नाकारला ना, वहिनी?" दोघांचंही खरं होतं. शेवटी अॅडमिन वैतागला, "पाण्याचं बोला." पटलं कुणालाच नाही. पण तेव्हापासून तिथं अर्धा अहवाल कुणी टाकत नाही, उरलेला अर्धा कोण टाकणार ते माहीत असतं ना!

महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. "निकाल आपल्या बाजूनं" असला फॉरवर्ड अधूनमधून येतोच. मराठी ग्रुपवर त्याखाली भगव्या झेंड्यांची रांग लागते. पाण्याच्या ग्रुपवर तारीख आणि ऑर्डरची कॉपी मागतात.