राखीव सेंटर दोन, मिनिटं दहाच

प्रश्न: सर, फोंड्यात आमच्या क्लबच्या बास्केटबॉल टीमला कोचिंग देतो, पुढच्या आठवड्यात नॉकआउट सुरू. मेन सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) ३० मिनिटं खेळतो, उरलेल्या १० साठी दोघं आहेत, एक उंच पण स्लो, दुसरा जरा बुटका पण पळतो मस्त. ५-५ मिनिटं वाटून टाकू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: अहो, हा काय चतुर्थीचा प्रसाद आहे का, सगळ्यांना सारखा वाटायला! समोरची टीम बघा ना आधी. त्यांचा सेंटर बास्केटखाली पाठ लावून खेळत असेल तर उंचवाला, आणि पिक अँड रोल (एकाने डिफेंडरची वाट अडवायची नि मग बास्केटकडे पळायचं) करून बाहेरून थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) मारत असतील तर पळणारा, कारण स्लो पोरगा तिथे कायम एक पाऊल मागेच राहतो आणि मग हात घालतो नि फाऊल होतो, नि क्वार्टरमध्ये टीमचे ४ फाऊल झाले की पुढच्या डिफेन्स फाऊलवर थेट दोन फ्री थ्रो. मेन सेंटरचे पहिल्या हाफमध्येच ३ फाऊल झाले तर? ५ व्याला तो बाहेर, मग तुमचं दहा मिनिटांचं गणितच गेलं, म्हणून तयार दोघांनाही ठेवा. आणि कोण कधी उतरणार ते पोरांना आदल्या दिवशीच सांगा हो, बेंचवर बसून तोंड पाडलेला पोरगा उतरल्यावर रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परत आलेला बॉल) काय घेणार.