साहेब, सिंध, सुलतान आणि साडेसोळा मिलिमीटर

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीचं मॉडेल करायचंय. साहेब, सिंध, सुलतान ही इंजिनं तयार मिळतील? – एक वाचक, नौपाडा

तयार मिळण्याच्या भरवशावर राहू नका, जुळवाजुळव करा. ही इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीची, २-४-० रचनेची: पुढे दोन लहान चाकं, मागे चार मोठी. बाखमन कंपनीचं एचओ मापातलं (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान) जुन्या धाटणीचं अमेरिकन ४-४-० घ्या. पुढची जाळी आणि ते भलंमोठं धुराडं काढा, पुढच्या चार चाकांच्या जागी एकच आस बसवा, सरळ नळीचं धुराडं लावा.

खरी अडचण रुळांची. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी; ८७ ने भागलं की १९.३ मिमी येतो आणि बाजारातला रूळ असतो १६.५ चा. इंजिन थोडं अरुंद चालीचं दिसणार. नेमक्या मापाचे रूळ हाताने घालणारे शौकीन आहेत, पण मग प्रत्येक डब्याची चाकंही बदलावी लागतात. पहिलंच काम असेल तर तो नाद नको. बाजूने पाहिलं की फरक कळतही नाही. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आणि धुराड्याची उंची चुकली तर मात्र लगेच खुपते.

आणि त्या पहिल्या गाडीसारखे १४ डबे, तीन इंजिनं एकदम नकोत. ठाण्यातल्या फ्लॅटचा हॉल आठवा. एक इंजिन, चार डबे पुष्कळ झाले.

माथेरानची वाफेची गाडी जमेल का? – नेरूळहून एक आजी, नातवासाठी

जमेल, आणि पहिल्या गाडीपेक्षा सोपं. १९०७ च्या या मार्गाचा गेज दोन फूट, म्हणजे ६१० मिमी. ब्रिटिश १:७६ मापात तो ८ मिमी होतो, म्हणून ९ मिमीचा एन गेज (मॉडेल रेल्वेचं एक छोटं माप) रूळ चालतो. एन गेजचं सहा चाकांचं छोटं टँक इंजिन (पाण्याची टाकी अंगावरच असलेलं) घ्या, वरचं कवच काढा आणि त्याच्या सांगाड्यावर नवं कवच थ्रीडी प्रिंट करून चढवा. सांगाडा हातात आल्यावर मोजमाप घ्या, मगच चित्र काढा. उलटं केलंत तर मोटर कवचात मावत नाही, हे मी स्वतः करून बसलोय. मूळ जर्मन इंजिनांत वळणासाठी टोकाच्या आसांना बाजूला सरकण्याची सोय होती. मॉडेलला तिची गरज नाही. घाटाची वळणं मात्र हवी तेवढी घाला!

अमेरिकेतल्या भाचीने मॉडेल रेल्वेचा संच पाठवलाय, थेट प्लगला लावू? – ऐरोली

अजिबात नको. कंट्रोलरच्या (गाडीला वीज देणाऱ्या डबीच्या) पाठीवर ‘इनपुट’ वाचा. १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० वर जळेल. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर इथलाच १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर.

पावसाळ्यात इंजिन अडखळतं. – कळवा

रूळ पितळी किंवा लोखंडी असणार. ते दमटपणाने काळे पडतात आणि रुळांतून इंजिनाला मिळणारी वीज तुटते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाकं दोन्ही पुसा. पुढच्या खरेदीत निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे रूळ मागा. सँडपेपर लावू नका, चरे पडले की तिथेच मळ साचतो.